जुन्या टेरेस घराची वाढ: उतारवयासाठी न्हाणीघर खाली ठेवावे की वर न्यावे?

सुमेधा_रेडिंग

सर्वांना नमस्कार. आम्ही दोघांनी (मी ६१ वर्षांची, यजमान ६६) मुले बाहेर पडल्यावर चार बेडरूमचे मोकळे घर विकले आणि रेडिंग शहरातच, स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर, एक जुने टेरेस घर घेतले. भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगते की इथे टेरेस म्हणजे गच्ची नव्हे. सामाईक भिंतींनी एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीला टेरेस म्हणतात. आमची ओळ १८९० च्या दशकातली, लाल विटांची आहे आणि मधूनमधून करड्या विटांची नक्षी आहे.

घर आतून ४.२ मीटर रुंद आहे. रस्त्याकडे पुढची खोली, मग मधली खोली, तिच्यामागे अरुंद स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी, स्वयंपाकघरातूनच जावे लागते असे न्हाणीघर. वर दोन खोल्या, आणि दुसरीतून शिरावे लागते अशी तिसरी लहान खोली. मागचा भाग पुढच्यापेक्षा अरुंद असल्यामुळे त्याच्या कडेला शेजारच्या कुंपणापर्यंत दीड मीटर रुंदीची बोळ उरते. तिला सगळे साइड रिटर्न म्हणतात.

आर्किटेक्टने सुचवले आहे की बोळ छताखाली घ्यावी, मागे तीन मीटर वाढवावे, खाली एकच मोठे स्वयंपाकघर करावे आणि न्हाणीघर वरच्या तिसऱ्या खोलीत न्यावे. अंदाज १,१०,००० पौंड, व्हॅट वेगळा. खाली न्हाणीघर असले की घराला भाव कमी मिळतो, असे एजंटही म्हणाला. यजमानांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. हे घर आम्हाला पुन्हा विकायचे नाही, येथेच राहायचे आहे. अशा वेळी हा आराखडा योग्य आहे का?

वॉल्थमस्टोकर

सुमेधाताई, आम्ही लंडनच्या वॉल्थमस्टो भागात सात वर्षांपूर्वी नेमके हेच केले. स्वयंपाकघर प्रशस्त झाले आणि त्याचा आनंद आम्ही रोज घेतो. परंतु मधल्या खोलीची एकमेव खिडकी त्या बोळीत उघडत होती, त्यामुळे बोळ भरताच ती खोली काळोखी झाली. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तिथे वर्तमानपत्र वाचता येत नाही, म्हणून तिथे कोणी बसत नाही. मागे जितकी जागा मिळवली त्यातली निम्मी आम्ही मध्ये गमावली.

आज पुन्हा करायचे झाले तर मधल्या खोलीच्या खिडकीसमोरचा दीड-दोन मीटरचा तुकडा मी उघडाच ठेवीन. वाड्याला चौक असतो, त्यातलाच हा छोटा प्रकार. दोन्हीकडच्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळतो, आणि बांधकामही तेवढे कमी होते.

स्थापत्य_अभि

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे आणि अशा घरांची कामे नेहमी करतो.

'तीन मीटरपर्यंत परवानगी लागत नाही' हे वाक्य सर्वत्र ऐकू येते, पण ते तीन मीटर मूळ घराच्या ज्या मागच्या भिंतीपासून वाढ सुरू होते त्या भिंतीपासून मोजले जातात. तुमच्या बोळीतली वाढ मधल्या खोलीच्या भिंतीपासून सुरू होईल, आणि मागचा भाग चार मीटर लांब असेल तर बोळ भरतानाच ती मर्यादा ओलांडली जाईल. टेरेस घराला सहा मीटरपर्यंत जायचे असल्यास काउन्सिलला (म्हणजे स्थानिक पालिकेला) आधी कळवावे लागते. काउन्सिल शेजाऱ्यांना विचारते आणि ४२ दिवसांत उत्तर देते. बोळ आणि मागची बाजू अशा दोन्ही वाढी एकमेकींना जोडल्या, तर बहुतेक वेळा रीतसर नियोजन परवानगीच घ्यावी लागते. शिवाय घर संवर्धन क्षेत्रात आहे का आणि त्यावर आर्टिकल ४ चे निर्बंध (म्हणजे एरवी परवानगीविना चालणाऱ्या कामांनाही परवानगी घ्यायला लावणारा आदेश) आहेत का, हे काउन्सिलच्या नकाशावर आधी पाहा. रेडिंगमध्ये नक्षीदार विटांच्या काही घरांना असे संरक्षण दिलेले आहे. परवानगी लागत नसली तरी काम कायदेशीर असल्याचे प्रमाणपत्र जरूर घ्या, पुढे मुलांना घर विकताना ते कामी येईल.

त्यानंतर शेजारी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा पार्टी वॉल कायदा लागू आहे. सामाईक भिंतीत लोखंडी तुळई टेकवायची असेल तर दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्यांच्या बांधकामापासून तीन मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणायचे असेल तर एक महिना आधी. त्यांनी १४ दिवसांत लेखी संमती दिली नाही, तर वाद आहे असे कायदा धरून चालतो आणि सर्व्हेयर नेमावे लागतात. त्यांचे शुल्क सहसा बांधणाऱ्यानेच द्यायचे असते, दोन्ही बाजूंचे.

सर्वांत महत्त्वाचे ते जमिनीखाली आहे. या घरांचा पाया म्हणजे खाली रुंद होत गेलेले विटांचे काही थर, आणि तो पुष्कळदा गुडघाभर खोलीवरच संपतो. नवा पाया चिकणमातीत किमान मीटरभर खोल न्यावा लागतो आणि जवळ मोठे झाड असेल तर त्याहून अधिक. सांडपाण्याची सामाईक नळी अनेकदा सगळ्या ओळीच्या परसातून आडवी गेलेली असते. ऑक्टोबर २०११ पासून अशा सामाईक नळ्या पाणी कंपन्यांच्या ताब्यात आहेत. तुमचे बांधकाम तिच्यावर किंवा तिच्या तीन मीटरच्या आत येत असेल, तर तुमच्या भागात थेम्स वॉटरची संमती घ्यावी लागेल. म्हणून आराखडा पक्का करण्याआधी एक परीक्षणाचा खड्डा खणा आणि नळीत कॅमेरा घालून पाहा. हे दोन खर्च लहान आहेत, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांवर अवलंबून आहे.

मृदुला_लेस्टर

मी लेस्टरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. रुग्ण इस्पितळातून घरी जाण्याआधी त्यांचे घर पाहून येणे हे माझे नेहमीचे काम आहे. सुमेधाताई, तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: न्हाणीघर खालीच ठेवा.

या घरांचे जिने मी शेकड्यांनी चढले आहेत. आजच्या नियमांप्रमाणे घरातल्या जिन्याचा चढ ४२ अंशांहून अधिक नसावा, पण त्या काळातले कित्येक जिने याहून उभे आहेत. ते दोन खोल्यांच्या मध्ये भिंतींत कोंडलेले असतात, कठडा असलाच तर एका बाजूला, आणि वर पोहोचल्यावर उभे राहायला परातीएवढी जागा. पन्नाशीत हे जाणवत नाही. खुबा मोडलेल्या माणसाला मात्र तोच जिना भिंतीसारखा वाटतो. मी एका गृहस्थांना पाहिले आहे, ज्यांनी हौसेने न्हाणीघर वर नेऊन खाली सुंदर स्वयंपाकघर केले होते. पडल्यानंतर त्यांचा पलंग त्या स्वयंपाकघरातच लावावा लागला आणि शौचासाठी ओट्याजवळ चाकाची खुर्ची ठेवावी लागली. ते जेवण टाळू लागले. कारण विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली. ते दृश्य मी विसरू शकलेले नाही.

खालचे न्हाणीघर नीट करून घ्या. मागच्या भागाच्या भिंती पुष्कळदा एकेरी विटेच्या असतात, म्हणून ते हिवाळ्यात बर्फासारखे थंड पडते. आतून उष्णतारोधक थर अवश्य हवा. शॉवरला उंबरठा नको, जमिनीलाच हलका उतार द्यावा. दार सरकते किंवा बाहेर उघडणारे असावे, म्हणजे आत कोणी पडले तरी ते उघडता येते. टाइल्स लावण्याआधी भिंतीत जाड प्लायवुड बसवून घ्या. आधाराच्या दांड्या आज लावू नका, पण दहा वर्षांनी लावायच्या झाल्या तर भिंत तयार असेल. आणि मधली खोली अशी ठेवा की गरज पडली तर तिथे पलंग मावेल.

निवांत_सटन

मी वेगळे मत मांडतो. मृदुलाताईंनी जे वर्णन केले आहे, ते मुळात असले घर घेऊच नये यासाठीचे कारण आहे. आम्ही तीन वर्षांपूर्वी लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. एकही पायरी नाही, पन्हळ तुंबण्याची चिंता नाही, सामाईक भिंतीचा कायदा वाचावा लागत नाही. सुमारे सव्वाशे वर्षांच्या विटांत एवढे पैसे घालण्याऐवजी ते हाताशी ठेवलेले बरे. घर लहान करण्याचा उद्देश कामे कमी करणे हा असतो, आणि तुम्ही तर कामे वाढवत आहात.

सुमेधा_रेडिंग

निवांत, तुमचा मुद्दा मी मनापासून समजून घेते. आम्ही चार फ्लॅट पाहिले. लीज आणि दर वर्षी वाढणारा देखभाल खर्च यांमुळे आम्ही मागे फिरलो. बंगला, म्हणजे इथल्या अर्थाने एकमजली घर, आम्हाला परवडेल असा फक्त गावाबाहेर होता, जिथे दुधासाठीही गाडी काढावी लागते. एक दिवस गाडी चालवणे थांबणार आहे, हे धरूनच आम्ही ही जागा निवडली. इथून ग्रंथालय, दवाखाना, भाजीचे दुकान आणि लंडनची गाडी, सगळे पायी आहे. शिवाय मागे वीस पावलांचे का होईना, परस आहे.

चुनखडी

माझे काम जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे आहे, म्हणून अभि यांच्या यादीत एक भर घालते, आणि ती मी स्वतः पोळून शिकले आहे.

या घरांच्या भिंती भरीव, नऊ इंची विटांच्या आणि चुन्यात बांधलेल्या असतात. भिंत पावसात ओली होते आणि चुन्याच्या दरजांतून वाळते. खालच्या खोल्यांची जमीन लाकडी तुळयांवर अधांतरी असते आणि तिच्याखालून वारा खेळावा म्हणून भिंतीत जाळीच्या विटा बसवलेल्या असतात. पुढच्या भिंतीतून वारा आत येतो आणि मागच्या भिंतीतून बाहेर जातो. आता मागे वाढ करून काँक्रीटची जमीन टाकली की मागच्या जाळ्या गाडल्या जातात.

मी या क्षेत्रात येण्याआधी आमच्या स्वतःच्या घरात हेच घडले. ठेकेदाराने जाळ्या बुजवल्या आणि आम्हाला त्यातले काही कळले नाही. सहा वर्षांनी मधल्या खोलीत भिंतीलगत पाय ठेवला की जमीन किंचित दबायची. गालिचा उचलून फळी काढली तेव्हा तुळईचे टोक हातात आले, ओल्या गुळाच्या ढेपेसारखे, बोटांनी मोडता येईल असे. वास अजून आठवतो. पाच तुळया बदलाव्या लागल्या. हे टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे: नव्या काँक्रीटखालून नळ्या टाकून जुन्या जाळ्यांना नव्या बाहेरच्या भिंतीपर्यंत वाट करून द्यायची. आराखड्यावर त्या नळ्या काढलेल्या आहेत की नाही हे तपासा आणि काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी स्वतः उभे राहून मोजा.

दुसरे म्हणजे, कोणी ओल पाहून लगेच भिंतीत रसायन टोचायला सांगितले तर थांबा. आधी पन्हळ गळते का, बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली आहे का, आणि दरजा सिमेंटने भरल्या आहेत का, हे पाहा. बहुतेक वेळा कारण या तिन्हींतच सापडते. सिमेंटने वाट अडली की पाणी विटेतूनच बाहेर पडते आणि थंडीत गोठून विटेचा पापुद्रा उडवते.

सदाशिव_पेठ

चुनखडी यांचे म्हणणे पुण्याच्या वाड्यांनाही जसेच्या तसे लागू पडते. आमच्या वाड्याची जोत्यावरची भिंत चुन्याची होती. काकांनी तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि तिसऱ्या पावसाळ्यात आतून कमरेएवढा लोणा चढला. जुना गवंडी येऊन भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "हिला श्वास घेता येत नाही." गिलावा खरवडून पुन्हा चुना केला, तेव्हा ती दोन उन्हाळ्यांत वाळली.

हिशेबनीस

पैशांच्या बाजूने थोडे लिहितो. अशा वाढीवर पूर्ण २० टक्के व्हॅट लागतो, म्हणून १,१०,००० चे १,३२,००० होतात, हे मनात धरा. मात्र ६० वर्षांवरील व्यक्तीच्या घरात आधाराच्या दांड्या, उतार, जिन्यावरून वर-खाली नेणारी खुर्ची किंवा बसायची सोय अंगचीच असलेला शॉवर बसवून घेतला, तर त्या कामावर ५ टक्केच व्हॅट लागतो. मृदुलाताईंच्या सूचनांतला काही भाग त्यात बसेल. घर तुम्ही घेण्याआधी दोन वर्षे किंवा अधिक काळ रिकामे असेल, तर नूतनीकरणालाही ५ टक्क्यांचा दर मिळू शकतो. पुरावा मात्र लागतो. उष्णतारोधक थर आणि हीट पंप यांवर ३१ मार्च २०२७ पर्यंत शून्य टक्के आहे.

जुने घर विकण्याआधी नवे घेतले असेल, तर स्टॅम्प ड्यूटीवर अधिभार भरावा लागतो. जुने राहते घर तीन वर्षांत विकले तर तो परत मागता येतो. आणि मोठे घर विकून लहान घेतल्यामुळे वारसा करातली राहत्या घराची सवलत, प्रत्येकी १,७५,००० पौंडांपर्यंतची, आपोआप बुडत नाही. ८ जुलै २०१५ नंतर घर लहान केलेल्यांसाठी त्यात वेगळी तरतूद आहे. विक्रीचे कागद जपून ठेवा, कारण तो दावा पुढे मुलांना करावा लागेल.

मालतीकाकू

सुमेधा, माझा अनुभव जागेचा आहे. आम्ही घर लहान केले तेव्हा मुलगा, सून, नातवंडे दिवाळीला येतील या विचाराने मोठे स्वयंपाकघर बांधले. ते वर्षातून आठ दिवस येतात. उरलेले दिवस मी ओट्यापासून फ्रिजपर्यंत चालत असते. लहान स्वयंपाकघरात बसल्या जागी हात पोहोचतो, हे या वयात मोठे सुख आहे. पाहुण्यांसाठी वरच्या खोल्या आहेतच. मोठ्या जागेपेक्षा कपाटांचा विचार आधी कर. देवघर कुठे, धान्याचे डबे कुठे, जिन्याखाली काय राहील, हे कागदावर लिही.

वॉल्थमस्टोकर

मालतीकाकूंशी मी सहमत आहे. आणि निवांत यांच्या मुद्द्यातही तथ्य आहे, पण त्याचे उत्तर घर न घेणे हे नसून कमी बांधणे हे असू शकते.

मृदुला_लेस्टर

एक राहून गेले. पुढे खरोखर गरज पडली, तर इंग्लंडमध्ये काउन्सिलकडून अपंगांच्या सोयींसाठी ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळू शकते, परंतु ते उत्पन्न आणि बचत पाहून ठरते आणि मिळायला वेळ लागतो. घर विकून हाताशी रक्कम असणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. भिंती उघड्या असतानाच काम करून घ्यावे.

सुमेधा_रेडिंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांत बरेच घडले, ते लिहिते.

अभि यांचा प्रतिसाद वाचल्यावर आम्ही नोटीस पाठवण्याआधी शेजारच्या आजींकडे स्वतः गेलो, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. त्या ८४ वर्षांच्या आहेत आणि लग्न झाल्यापासून त्याच घरात राहतात. त्यांचे घर म्हणजे आरशात पाहिलेले आमचेच घर. त्यांनी आम्हाला आत बोलावले. मधल्या खोलीत खिडकीशी त्यांचा पलंग आहे आणि उशाला बोळीतून सकाळचे ऊन येते. गेली दोन वर्षे त्या वर गेलेल्या नाहीत. रात्री त्या पलंगावरून उठतात, ओट्याच्या कडेला हात लावत स्वयंपाकघर ओलांडतात आणि न्हाणीघरात पोहोचतात. किती पावले होतात हे त्यांनी आम्हाला चालून दाखवले: अकरा. त्या कडेच्या लाकडावरचा रंग हाताने पुसला गेला आहे. यजमान काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर त्यांनीच तो आराखडा गुंडाळून कपाटावर ठेवला. आम्ही बोळ भरली असती तर त्यांच्या पलंगासमोर भिंत उभी राहिली असती, हेही तेव्हाच लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी मी परसातल्या फरशीवर रांगोळीने न्हाणीघर खऱ्या मापात काढले: शॉवर, कमोड, बेसिन आणि दाराची फळी. यजमान कुबडी घेऊन त्यात वळून पाहत होते. पहिल्या मापात कोपर बेसिनला लागत होते, म्हणून वीस सेंटिमीटर वाढवले. मग पुन्हा पुसून दार सरकते केले, तेव्हा सगळे बसले.

आता ठरवले आहे ते असे. बोळ उघडीच राहील. मागे फक्त दोन मीटर वाढ, तीही मागच्या भागाच्या रुंदीइतकीच, आणि त्यात उंबरठा नसलेले न्हाणीघर. जुन्या न्हाणीघराची जागा स्वयंपाकघराला मिळेल. न्हाणीघराला स्वतंत्र दार आणि आत बेसिन आहे, त्यामुळे स्वयंपाकघराला लागून असले तरी नियमात बसते. वरच्या तिसऱ्या खोलीत पाहुण्यांसाठी लहान शौचालय. मधल्या खोलीत सध्या पुस्तके राहतील आणि पलंगाजवळ लागतील तेवढे प्लग आताच घालून घेऊ. काँक्रीटखालच्या नळ्या मी आराखड्यावर लाल शाईने काढून घेतल्या आहेत. अंदाज जवळजवळ निम्म्यावर आला आहे. एजंटने सांगितलेला भाव आम्ही बाजूला ठेवला आहे.

परीक्षणाचा खड्डा मंगळवारी खणणार आहेत. अभि, त्यात नेमके काय पाहायचे?

स्थापत्य_अभि

हा आराखडा मला पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक आवडला. खड्डा मागच्या भिंतीला लागूनच खणायला सांगा आणि विटांचा शेवटचा थर संपून माती लागेपर्यंत खाली जाऊ द्या. मोजपट्टी उभी धरून फोटो काढा. खालच्या मातीचा एक गोळा हातात घेऊन वळून पाहा. त्याची लांब वळी न तुटता झाली तर चिकणमाती आहे असे समजा. खड्ड्यात पाणी साचते का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. आणि आजींच्या कुंपणाच्या बाजूला खणू नका, तिकडे नोटिशीची मुदत संपल्यानंतरच हात लावायचा.

सुमेधा_रेडिंग

नोंद केली. मंगळवारी संध्याकाळी पट्टीसह फोटो टाकते.